सुशोभन की स्वागत? : बल्लारशाहचा फलाट ते आसगावचा प्रवासी निवारा

प्रस्तावना

प्रवास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गाडी येते, रस्ता येतो, रूळ येतात. परंतु सामान्य माणसाच्या प्रवासातील मोठा भाग गाडीत नव्हे, तर गाडीची वाट पाहण्यात जातो. रेल्वेचा फलाट, एस.टी.चे बसस्थानक आणि गावच्या फाट्यावरील प्रवासी निवारा ही या वाट पाहण्याची ठिकाणे होत. ती केवळ वाहतुकीची सोय नसून गावाची व शहराची सार्वजनिक बैठक असतात. तेथे विद्यार्थी, मजूर, बाजाराला निघालेल्या स्त्रिया, दवाखान्यातून परतणारे वृद्ध आणि लग्नाची वऱ्हाडी मंडळी एकाच छपराखाली येतात. देऊळ, चावडी व शाळा यांचे दरवाजे सर्वांना सारखेच उघडे असतात असे म्हणता येत नाही. बसस्थानकावर मात्र जात, धर्म वा हुद्दा न विचारता कोणीही उभा राहू शकतो. या अर्थाने ते आपल्या समाजातील अत्यंत लोकशाहीवादी स्थळ आहे.

गेल्या दशकात अशा स्थळांच्या सौंदर्याकडे शासनाचे व संस्थांचे लक्ष वळले, ही स्वागतार्ह बाब आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये स्वयंसेवकांनी मुंबईच्या उपनगरी स्थानकांच्या भिंती रंगविल्या. रेल्वे मंत्रालयाने स्थानक सुशोभनाची स्पर्धा घेतली. राज्य परिवहन महामंडळाने २०२३ मध्ये 'हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे स्वच्छ, सुंदर बसस्थानक अभियान' सुरू केले. अमृत भारत स्थानक योजनेखाली ६ ऑगस्ट २०२३ रोजी देशातील ५०८ स्थानकांच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली. त्यांपैकी ४४ स्थानके महाराष्ट्रातील होती. पुढे २२ मे २०२५ रोजी देशभरातील १०३ पुनर्विकसित स्थानकांचे उद्घाटन झाले. महाराष्ट्रातील १५ स्थानके त्यांत होती आणि विदर्भातील आमगाव, चांदा फोर्ट व इतवारी यांचा त्यांत समावेश होता.

या प्रयत्नांची समीक्षा मात्र अद्याप पुरेशी झालेली नाही. वृत्तपत्रांतून छायाचित्रे येतात, पुरस्कार जाहीर होतात आणि विषय तेथेच संपतो. प्रस्तुत लेखाचा हेतू या कलाविष्काराकडे चिकित्सक दृष्टीने पाहण्याचा आहे. भिंतीवर चित्र आले म्हणजे स्थानक आपुलकीचे झाले काय, हा येथील मूळ प्रश्न आहे. लेखकाची भूमिका प्रारंभीच स्पष्ट करणे योग्य ठरेल. स्थानकातील कला ही गरजेच्या वस्तूंवर चढविलेला साज न राहता त्या गरजेच्या वस्तूंतूनच प्रकट झाली पाहिजे. ती भिंतीवर असण्यापेक्षा ओट्यात, सावलीत, पाण्याच्या सोयीत, वेळापत्रकाच्या अक्षरांत आणि सुरक्षित जिन्यात असली पाहिजे. असे घडले तरच सुशोभनाचे रूपांतर स्वागतात होते.

विसाव्याची देशी परंपरा

वाटसरूच्या विसाव्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. वडापिंपळाचा पार, पाणपोई, विहीर, धर्मशाळा व घाट ही आपल्या परंपरेतील प्रवासस्थळेच होती. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात देशभर बांधलेले घाट, विहिरी व धर्मशाळा आजही लोकांच्या उपयोगात आहेत. या वास्तूंचा एक विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. त्यांत उपयोग व सौंदर्य ही दोन खाती वेगळी नव्हती. घाटाची पायरी सुंदर असे, कारण ती पाय ठेवण्यास योग्य उंचीची, पाण्याच्या पातळीप्रमाणे उतरणारी व बसण्यास रुंद असे. पार सुंदर असे, कारण त्याला सावली असे. पाणपोईला रंगाची गरज नव्हती. थंड पाणी व पाणी देणारा हात हेच तिचे सौंदर्य होते.

आधुनिक स्थानकांच्या रचनेत ही एकात्मता भंगली. बांधकाम अभियंत्याकडे गेले, जाहिरात कंत्राटदाराकडे गेली आणि 'सौंदर्य' हे काम पूर्ण झाल्यावर उरलेल्या भिंतीपुरते राहिले. परिणामी कला ही शेवटी येणारी, उद्घाटनाच्या तारखेपूर्वी उरकावयाची बाब ठरली. आजच्या बहुतेक सुशोभनाचे गुणदोष या विभागणीत दडलेले आहेत.

दगडातील वैभव व त्याची मर्यादा

महाराष्ट्रातील स्थानककलेचा विचार मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला वगळून करता येत नाही. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने आखलेल्या या इमारतीचे काम १८७८ साली सुरू झाले व सुमारे दहा वर्षांनी पूर्ण झाले. २००४ मध्ये तिचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. तिच्या दगडी अलंकरणात मुंबईच्या कलाशाळेच्या, म्हणजे आजच्या सर ज. जी. कला महाविद्यालयाच्या, विद्यार्थ्यांचा हात होता. पाने, फुले, पशुपक्षी व मानवी मुद्रा यांनी भरलेल्या या वास्तूत कला ही रचनेचेच अंग आहे. स्तंभशीर्ष कोरलेले आहे, परंतु ते भारही पेलते. या दृष्टीने ती आजच्या रंगविलेल्या भिंतींहून कलादृष्ट्या श्रेष्ठ ठरते.

तरीही तिचे अलंकरण प्रामुख्याने सत्तेचे व समृद्धीचे आहे. घुमटावर 'प्रगती'चा पुतळा आणि प्रवेशद्वारावर सिंह व वाघ ही प्रतीके प्रवाशाला सामावून घेण्यापेक्षा दिपवून टाकण्यासाठी योजलेली दिसतात. लोकलच्या घाईत धावणारा प्रवासी त्यांच्याकडे मान वर करून क्वचितच पाहतो. याच स्थानकाला लागून असलेल्या पादचारी पुलाचा भाग १४ मार्च २०१९ रोजी कोसळला व त्यात प्रवाशांचे प्राण गेले. पूल स्थानकाच्या वारसा इमारतीचा भाग नव्हता, हे मान्य आहे. परंतु प्रवाशाच्या अनुभवात पूल व स्थानक असे दोन विभाग नसतात. त्याच्यासाठी घरापासून गाडीच्या दारापर्यंतचा मार्ग एकच असतो. म्हणून स्थानकाच्या सौंदर्याचे मूल्यमापन दर्शनी भागावरून करणे अपुरे आहे.

मुंबईच्या विमानतळावरील 'जय हे' हा कलासंग्रह दुसरी मर्यादा दाखवितो. २०१४ मध्ये सुरू झालेल्या नव्या टर्मिनलमध्ये राजीव सेठी यांच्या संयोजनाखाली देशभरातील हजारो कलावस्तू सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या कलाभिंतीवर मांडण्यात आल्या. संग्रह म्हणून त्याची योग्यता मोठी आहे. मात्र तो पाहण्याचा अधिकार विमानाच्या तिकिटाशी जोडलेला आहे. ज्या कारागिरांच्या परंपरा तेथे प्रतिष्ठेने उभ्या आहेत, त्यांपैकी अनेकांचे आप्त एस.टी.च्या फाट्यावर उन्हात उभे असतात. कला प्रवासस्थळी आली, परंतु ती कोणत्या प्रवाशापर्यंत आली, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

बल्लारशाह व चंद्रपूर : पुरस्कार आणि पूल

विदर्भाच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातील आहे. रेल्वे मंत्रालयाच्या स्थानक सुशोभन स्पर्धेत २०१८ मध्ये बल्लारशाह व चंद्रपूर या दोन स्थानकांना संयुक्तपणे प्रथम पुरस्कार मिळाला. पुरस्काराची रक्कम दहा लाख रुपये होती. दुसरा क्रमांक बिहारमधील मधुबनी व तामिळनाडूतील मदुराई यांना, तर तिसरा गांधीधाम, कोटा व सिकंदराबाद यांना मिळाला. देशातील नामांकित स्थानकांना मागे टाकून झाडीपट्टीच्या शेजारची दोन स्थानके पुढे आली, याचा विदर्भाला सार्थ अभिमान वाटला.

या स्थानकांच्या सजावटीत ताडोबाच्या जंगलातील वाघ व अन्य वन्यजीव आणि आदिवासी जीवन हे विषय घेण्यात आले. विषयाची निवड उचित होती. बल्लारपूर ही एकेकाळची गोंड राजांची राजधानी आहे आणि दिल्ली व चेन्नई यांना जोडणाऱ्या लोहमार्गावरील हे महत्त्वाचे स्थानक आहे. परप्रांतातून येणाऱ्या प्रवाशाला आपण कोणत्या भूमीत पोहोचलो, हे येथील भिंती सांगतात. सर्वत्र सारख्याच दिसणाऱ्या निळ्या-पिवळ्या फलकांच्या जगात स्थानकाला स्वतःचा चेहरा मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. लहान मुलांना फलाटावर वाघ पाहण्याचा आनंद मिळतो, त्यावरून आईवडिलांशी बोलणे सुरू होते आणि वाट पाहण्याचा वेळ हलका होतो. कलेने केलेले हे कार्य समीक्षकाने मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

परंतु या स्थानकाच्या इतिहासात दुसरीही एक तारीख आहे. २७ नोव्हेंबर २०२२ रोजी सायंकाळी बल्लारशाह स्थानकावरील पादचारी पुलाचा स्लॅब कोसळला. गाडी पकडण्यासाठी पुलावरून जाणारे प्रवासी खाली रुळांवर पडले. एका महिलेचा मृत्यू झाला व अनेक जण जखमी झाले. ज्या स्थानकाला साडेचार वर्षांपूर्वी देशातील सर्वांत सुंदर स्थानकाचा मान मिळाला होता, त्याच स्थानकावर हे घडले.

सुशोभनावर खर्च झाला म्हणून पूल पडला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दोन्ही कामांची खाती, निधी व जबाबदाऱ्या वेगळ्या असतात. परंतु समीक्षेचा मुद्दा नेमका तेथेच आहे. ज्या व्यवस्थेत चित्राचे खाते वेगळे व पुलाचे खाते वेगळे असते, त्या व्यवस्थेत 'सुंदर स्थानक' ही पदवी पुलाकडे न पाहताच देता येते. परीक्षकाने भिंत पाहावी आणि जिना पाहू नये, हे सौंदर्याच्या संकुचित व्याख्येचे फलित होय. प्रवाशाला निर्धास्तपणे एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर नेणारा पूल हे स्थानकाचे पहिले शिल्प मानले असते, तर पुरस्काराच्या निकषांत त्याची तपासणीही आली असती.

यावर एक प्रतिवाद नेहमी केला जातो. आधी पूल, शौचालय व पाणी द्या, चित्रे नंतर पाहू, असे अनेकांचे मत असते. त्यातील तळमळ खरी आहे, तथापि हा क्रमही सदोष आहे. गरिबाला फक्त सोय हवी आणि सौंदर्य सुखवस्तू माणसाला, असा भेद त्यात नकळत येतो. शिवाय 'आधी' कधीच संपत नाही, म्हणून 'नंतर' कधीच येत नाही. बाकडे बनवावयाचेच आहे, तर ते नीट टेकता येईल असे व देखणे का नसावे? पाटी लिहावयाचीच आहे, तर ती सुवाच्य व सुडौल अक्षरांत का नसावी? सोय व सौंदर्य यांना एकामागोमाग उभे न करता एकत्र आणणे, हाच यातून निघणारा मार्ग आहे.

'स्थानिक कला' म्हणजे नेमकी कोणती?

सुशोभनाच्या प्रत्येक योजनेत 'स्थानिक कलेला प्राधान्य' हे वाक्य असते. व्यवहारात मात्र या शब्दाचा अर्थ फार ढिला झाला आहे. राज्यातील कोणत्याही जिल्ह्यात शासकीय भिंत रंगवावयाची झाली की वारली चित्रे काढली जातात. वारली कलेचे माहेर पालघर व ठाण्याचा आदिवासी पट्टा आहे. लग्नप्रसंगी तांदळाच्या पिठाने घराच्या भिंतीवर स्त्रियांनी लिहिलेला 'चौक' हे तिचे मूळ रूप होय. जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या थोर कलावंताने तिला विधीच्या चौकटीबाहेर आणून जगापुढे नेले व त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. ही कला महाराष्ट्राचे भूषण आहे, यात शंका नाही. परंतु भंडाऱ्याच्या वा गोंदियाच्या भिंतीवर साच्याने उमटविलेली तारप्याभोवतीची नृत्याकृती ही ना तेथील विधी असते, ना तेथील आठवण. ती केवळ नक्षी असते.

गोंड चित्रकलेबाबतही हीच सावधगिरी हवी. ठिपक्यारेषांनी भरलेले हरिण व झाड ही जी शैली आज 'गोंड' म्हणून सर्वत्र ओळखली जाते, तिचा उदय मध्य प्रदेशातील पाटनगढच्या प्रधान कलावंतांमध्ये झाला. १९८० च्या दशकात भोपाळच्या भारत भवनातून जनगढसिंह श्याम यांच्या कामाद्वारे ती पुढे आली. विदर्भात गोंड समाज मोठा असला, तरी दुसऱ्या प्रदेशातील एका कलावंत परंपरेचा साचा उचलून त्याला स्थानिक म्हणणे, हे त्या परंपरेवर व येथील समाजावर दोहोंवर अन्यायाचे आहे.

भंडारा जिल्ह्यापुरता विचार केला तर खरे स्थानिक द्रव्य विपुल आहे. भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव म्हणून ख्यातनाम होते. ऐन व अर्जुन वृक्षांवर वाढणाऱ्या किड्यांपासून मिळणाऱ्या कोशाच्या वस्त्राची येथे परंपरा आहे. कोहळी समाजाच्या जलज्ञानातून उभे राहिलेले व आज माजी मालगुजारी म्हणून ओळखले जाणारे तलाव ही या भूमीची ओळख आहे. दिवाळीनंतर गावोगाव भरणारी मंडई, तिच्या रात्री रंगणारी दंडार व झाडीपट्टीचे नाटक हा तर जिवंत कलाव्यवहार आहे. झाडीपट्टी रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्याने त्याची दखल देशाने घेतली. यांतील किती गोष्टी आपल्या बसस्थानकांवर दिसतात? नाटकाचे भित्तिपत्रक स्थानकाच्या खांबावर चिकटविले जाते तेव्हा त्याला विद्रूपीकरण म्हटले जाते. परंतु त्या पत्रकाभोवती जमून नटांची नावे वाचणारे लोक पाहिले की जाणवते, स्थानकावरील सर्वांत जास्त वाचला जाणारा कलाविष्कार तोच असतो. त्याच्यासाठी एक नीटस फलक राखून ठेवणे, हे शंभर चौरस फूट वारली चित्रांपेक्षा अधिक स्थानिक ठरेल.

कलेचा कर्ता कोण?

मधुबनी स्थानकाचे उदाहरण येथे उपयुक्त आहे. २०१७ मध्ये तेथील भिंती मिथिला शैलीत रंगविण्यात आल्या, तेव्हा स्थानिक चित्रकारांनी मोठ्या संख्येने श्रमदान केले. या कलेची परंपरा स्त्रियांनी सांभाळलेली आहे. त्यामुळे स्थानकाच्या पुरुषप्रधान अवकाशात स्त्रियांची रेषा उमटली. ही मोठी सामाजिक घटना होती. दुसरीकडे, अभियंत्याला व कंत्राटदाराला मोबदला आणि कलावंताला श्रमदान, ही विभागणी प्रश्नांकित केलीच पाहिजे. स्वीडनने १९३७ मध्येच शासकीय बांधकामाच्या खर्चातील एक टक्का कलेसाठी राखावा, असे तत्त्व स्वीकारले होते. पुढे स्टॉकहोमच्या भुयारी रेल्वेत १९५० च्या दशकापासून कलावंतांना स्थानकाच्या आखणीतच स्थान मिळाले. तेथील शंभर स्थानकांपैकी नव्वदहून अधिक स्थानकांत आज कलाकृती आहेत. तेथे कलावंताला शेवटी बोलावले जात नाही, ही गोष्ट आपण घेण्यासारखी आहे.

परंतु सहभागाचे सर्वांत जवळचे उदाहरण शोधण्यासाठी स्वीडनला जाण्याचे कारण नाही. ते वैनगंगेच्या काठी पवनी येथे आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी केलेल्या उत्खननात पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष उघड झाले. स्तूपाभोवतीच्या वेदिकेच्या, म्हणजे दगडी कठड्याच्या, स्तंभांवर शिल्पे कोरलेली आहेत आणि ब्राह्मी लिपीत दानलेखही आहेत. स्थानकाच्या संदर्भात या वेदिकेकडे पाहिले तर दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, शिल्प वेगळ्या फलकावर नसून ज्या स्तंभाने कठडा उभा राहतो त्याच स्तंभावर आहे. भाविकांची वाट आखून देणारी गरजेची वस्तूच कलाकृती झाली आहे. दुसरी गोष्ट अशी की, संपूर्ण वास्तूवर एकाच आश्रयदात्याचे नाव नाही. वेगवेगळ्या दात्यांनी आपापला वाटा दिला व तो नोंदविला गेला. दोन हजार वर्षांपूर्वी वाटसरू, भिक्खू व उपासक ज्या ठिकाणी येत-जात होते, तेथे कला लोकांच्या वाट्याने उभी राहिली होती. लेखाच्या प्रारंभी मांडलेले तत्त्व पवनीच्या दगडात असे पूर्वीच सिद्ध झालेले आहे.

आसगावचा प्रवासी निवारा : कसोटीचा दगड

पवनी तालुक्यातील आसगाव हे चौरास भागातील, धानाच्या बांध्यांनी वेढलेले गाव आहे. येथे रेल्वे नाही. जिल्ह्याच्या मुख्यालयाला ज्या स्थानकाचे नाव जोडले गेले, ते भंडारा रोडही शहरात नसून वरठी येथे आहे. तालुक्याच्या आसपासच्या परिसराला नागपूरशी जोडणारी नागपूर–नागभीड ही नॅरोगेज गाडी रूंदीकरणासाठी २०१९ मध्ये बंद झाली. अशा परिसरात सार्वजनिक प्रवास म्हणजे मुख्यतः एस.टी. आणि स्थानक म्हणजे रस्त्याच्या कडेचा प्रवासी निवारा. अमृत भारत योजनेच्या यादीत अशा निवाऱ्याचे नाव कधीच येणार नाही. म्हणूनच स्थानककलेच्या विचाराची खरी कसोटी येथे लागते. जो विचार बल्लारशाहला लागू पडतो पण आसगावला लागू पडत नाही, तो विचार अपुरा आहे.

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली तेव्हापासून एस.टी.ने खेड्यांना शहराशी जोडले. मुलींच्या शिक्षणात तिचा वाटा फार मोठा आहे. ग्रामीण मुलींसाठी अहिल्याबाई होळकर यांच्या नावाने मोफत पासची योजना आहे. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना तिकिटात पन्नास टक्के सवलत मिळू लागली. तिकीट स्वस्त झाले, परंतु तिकीट काढण्यापूर्वीची अर्धापाऊण तासाची प्रतीक्षा तशीच राहिली. सायंकाळी अंधारलेल्या निवाऱ्यात एकटी मुलगी उभी राहू शकत नसेल, तर मोफत पास तिच्या दप्तरातच राहतो. उशिराचा तास सोडून ती लवकर घरी निघते आणि काही काळाने घरचे तिचे महाविद्यालयच सोडवितात. निवाऱ्याच्या रचनेचा प्रश्न हा अशा प्रकारे शिक्षणाचा प्रश्न असतो. त्याला सौंदर्याची चैन समजणे चुकीचे आहे.

आपल्याकडील ग्रामीण निवाऱ्याचा नेहमीचा नमुना सर्वांच्या परिचयाचा आहे. तीन बाजूंनी भिंती, वर सपाट स्लॅब, आत एक सिमेंटचा कट्टा आणि दर्शनी भागावर ज्यांच्या निधीतून काम झाले त्यांचे नाव मोठ्या अक्षरांत. गावाचे नाव त्याहून लहान आणि गाडीची वेळ कोठेच नाही. तीन बंद भिंतींमुळे येणारी गाडी आतून दिसत नाही, म्हणून प्रवासी बाहेर उन्हात उभे राहतात. आतला कोपरा बाहेरून दिसत नाही, म्हणून स्त्रिया आत जाणे टाळतात. रिकामा राहिलेला निवारा पत्त्यांच्या डावाला, दारूला वा मोकाट जनावरांना मिळतो. अशा निवाऱ्यावर चित्र काढल्याने त्याचा स्वभाव बदलत नाही. जो निवारा प्रवाशालाच आत घेत नाही, त्याच्या भिंतीवरील 'सुस्वागतम्' हा शब्द उपहासाचा वाटतो.

याच निवाऱ्याची कल्पना वेगळ्या रीतीने करता येईल. भिंतीऐवजी जाळीची रचना केल्यास वारा खेळेल, आतून गाडी दिसेल व बाहेरून माणूस दिसेल. त्या जाळीच्या नक्षीला कोशाच्या वस्त्राच्या किनारीचा आधार घेता येईल. कट्टा वृद्धांना उठता येईल अशा उंचीचा व पाठ टेकता येईल असा हवा. बाजूला कडुनिंब वा पिंपळाचे झाड आणि त्याला बांधीव पार हवा, कारण स्लॅबची सावली वैशाखात तापते, झाडाची तापत नाही. गावाचे नाव व गाड्यांच्या वेळा ठळक देवनागरीत, शाळा-महाविद्यालयातील सुंदर हस्ताक्षराच्या विद्यार्थ्यांकडून लिहून घ्याव्यात आणि वेळ बदलली की पुन्हा लिहाव्यात. रात्री एक दिवा व पिण्याचे पाणी हवे. मंडईच्या दिवसांत नाटकाच्या पत्रकांसाठी फलक हवा. भिंत उरलीच, तर तिच्यावर चौरासचा नकाशा हवा, ज्यात वैनगंगा, तलाव, आठवडी बाजार व पवनीची टेकडी दाखविलेली असेल. परक्याला त्यातून वाट कळेल आणि गावच्या मुलाला आपले गाव कोठे आहे ते कळेल.

यांपैकी एकही गोष्ट अतिखर्चिक नाही. यासाठी लागते ती विचारण्याची तयारी. निवारा बांधण्यापूर्वी त्याखाली उभे राहणाऱ्या मुलींना, भाजी विकणाऱ्या बायांना, चालक-वाहकांना व जवळच्या चहावाल्याला कोणी विचारतो काय? गाडी कोठे थांबते, ऊन कोणत्या बाजूने येते, पाणी कोठे तुंबते हे त्यांनाच ठाऊक असते. त्यांच्या ज्ञानाला रचनेत स्थान मिळाले की देखभालीचाही प्रश्न निम्मा सुटतो. ज्या कामात आपला हात लागला आहे त्यावर माणूस सहसा थुंकत नाही. कंत्राटदाराने रंगविलेली भिंत मात्र एका पावसाळ्यात पोपडे धरते व कोणालाही त्याची खंत वाटत नाही.

एक मर्यादा मात्र येथे नोंदविली पाहिजे. स्थानक कितीही सुंदर केले तरी ते गाडीची जागा घेऊ शकत नाही. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या एस.टी. कर्मचाऱ्यांच्या संपाने हे सत्य खेड्यापाड्यांना तीव्रतेने जाणवून दिले. गाडी येईनाशी झाली की स्थानक ही केवळ एक इमारत उरते. कर्मचाऱ्यांचे वेतन, गाड्यांची संख्या व फेऱ्यांची नियमितता हा स्वागताचा पाया आहे. चालक-वाहकांच्या विश्रांतिगृहाची अवस्था वाईट असताना प्रवाशांच्या दर्शनी भिंतीवर रंग देणे, हाही सौंदर्याचा विपर्यासच होय.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, स्थानकाच्या सौंदर्याचे मूल्यमापन भिंतीवरून न करता प्रवाशाच्या संपूर्ण मार्गावरून झाले पाहिजे. पूल, जिना, शौचालय व प्रकाश हे पुरस्काराचे निकष असले पाहिजेत. दुसरा, स्थानिक कला म्हणजे प्रचलित आदिवासी शैलींचा साचा नव्हे. त्या परिसराचा जिवंत कलाव्यवहार व कारागिरी शोधून तिला स्थान दिले पाहिजे. तिसरा, कलावंताला आखणीच्या वेळीच सहभागी करून त्याला योग्य मोबदला द्यावा. चौथा, ज्यांना तेथे थांबावे लागते त्यांचा, विशेषतः स्त्रियांचा व विद्यार्थ्यांचा, अनुभव हाच रचनेचा आरंभबिंदू असावा. पाचवा, या विचाराची सुरुवात महानगरांतून होण्याची वाट न पाहता गावच्या निवाऱ्यापासून करता येते. ग्रामपंचायत, महाविद्यालय व एस.टी.चे आगार यांनी एकत्र बसले तर त्यासाठी दिल्लीच्या योजनेची आवश्यकता नाही.

बल्लारशाहच्या फलाटावरील वाघ सुंदर आहे व तो तेथे असावा, याविषयी प्रस्तुत लेखकाच्या मनात दुमत नाही. परंतु त्या वाघाकडे पाहत जाणाऱ्या प्रवाशाच्या पायाखालचा स्लॅब मजबूत असणे, हीच त्या चित्राची पहिली चौकट आहे. आसगावच्या निवाऱ्याला कदाचित कधीच पुरस्कार मिळणार नाही. परंतु सायंकाळच्या शेवटच्या गाडीची वाट पाहणारी एखादी विद्यार्थिनी तेथे निर्धास्तपणे पुस्तक उघडून बसू शकली, तर तो निवारा सुंदर आहे असे समीक्षेने निःसंकोच म्हणावे.